खळीतला मोरचूद

मी, छापखान्यामागच्या बाइंडरची थोरली सून, वय ३८ वर्षे, धंदा बाइंडिंग, राहणार दुकानावरची खोली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, सदर दुकान सासऱ्यांचे असून मी तेथे सोळा वर्षे काम करते. पुठ्ठा चिकटवायला आम्ही मैद्याची खळ शिजवतो. तीत मोरचुदाचे निळे खडे विरघळवून घालतो, म्हणजे बुरशी धरत नाही आणि किडे पुस्तक खात नाहीत. मोरचूद विषारी असतो हे घरात सर्वांना माहीत आहे.

मोतीबिंदूमुळे सासऱ्यांना खळीचा रंग दिसत नाही. ते बोटभर खळ जिभेला लावतात. तांब्यासारखी तुरट चव आली की थुंकतात, चूळ भरतात आणि "चालू दे" म्हणतात. त्याशिवाय दुकानात ब्रश हलत नाही.

काल सकाळी दहाच्या सुमारास ते म्हणाले, "सूनबाई, मोरचूद राहिला."

मी म्हटले, "घातलाय, बाबा."

"मला शिकवू नकोस. अळणी आहे."

मी अजून घातला. पुन्हा अळणी. असे तीनदा झाले. मग त्यांनी चमचा मागितला. तो मीच हातात दिला. या वेळी ते थुंकले नाहीत. चव येईल म्हणून वाट पाहत राहिले आणि चमचाभर खळ गिळून बसले. थोड्याच वेळात निळसर हिरवी उलटी झाली. शेजाऱ्याच्या गाडीतून मी त्यांना दवाखान्यात नेले.

दुकान बळकावण्यासाठी मी विष घातले, अशी धाकट्या दिरांची तक्रार आहे. ते वर्षातून दोनदा दुकानात येतात. खळ कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नाही. हे वाक्य लिहू नका म्हटले, तरी साहेबांनी लिहिले.

मी स्वतः चव पाहिली होती का, असे विचारल्यावरून सांगते की, होय, पहिल्याच वेळी, त्यांच्या पाठीमागे. तुरट चवीने तोंड वाकडे झाले. गेल्या पंधरवड्यातल्या तापात सासऱ्यांची चव गेली. बिनसाखरेचा चहा ते मुकाट्याने प्यायले, तेव्हाच मी ओळखले. तापानंतरची ही पहिलीच खळ. डोळ्यांनंतर त्यांना दुकानात एवढेच काम उरले होते. तोंडावर सांगायला माझी जीभ रेटली नाही. त्याचे मला फार वाईट वाटते.

डॉक्टर म्हणतात, धोका टळला. बोलता येऊ लागताच सासऱ्यांनी खळ टाकून दिली का, असे विचारले.

जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. सासऱ्यांना मात्र तो वाचून दाखवू नये. सून मोरचूद घालायला विसरली होती, एवढेच सांगावे.