चोरीस न गेलेल्या फूड व्हॅनबाबत

मी, नाव आज सकाळच्या तक्रारीत लिहिल्याप्रमाणे, वय ५३ वर्षे, धंदा गेल्या महिनाअखेरपर्यंत दैनिकाचा वार्ताहर, शिक्षण संस्कृत विषयात पदव्युत्तर, राहणार पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला. आज रविवारी सकाळी ११.४० वाजता ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. पत्नी, वय ४९, ही एका कारखान्याच्या कँटीनमध्ये एकोणीस वर्षे मुख्य स्वयंपाकीण होती. कँटीन बंद पडल्यावर तिने स्वतःची फूड व्हॅन घ्यायचे ठरवले. हे तिने मला सांगितले, विचारले नाही. गाडी पक्की झाली त्या आठवड्यात मी दैनिकाचा राजीनामा दिला. हे मीही तिला सांगितले, विचारले नाही. गाडीत दोन माणसे लागतात, एक तव्याशी आणि एक गिऱ्हाइकाच्या खिडकीशी. दुसरे माणूस कोण, हे मी गृहीत धरले होते.

गाडी आम्ही नऊ दिवसांपूर्वी कप्तान या टोपणनावाच्या गृहस्थांकडून घेतली. ते पूर्वी जहाजावर आचारी होते व नंतर बावीस वर्षे हीच गाडी चालवत होते. गुडघे गेल्याने त्यांनी ती विकली. त्यांची अट अशी की, घेणाऱ्याने आधी चार दिवस त्यांच्यासोबत गाडीत उभे राहून काम करायचे, मगच किल्ली मिळेल. पत्नीने चारही दिवस केले. मी दुसऱ्या दिवशी अर्धा तास हजर होतो. त्या अर्ध्या तासात कप्तानांनी तव्याविषयी बरेच सांगितले, असे पत्नी म्हणते. मी तेव्हा गाडीला नाव शोधत होतो. ‘क्षुधाशांती’ असे सुचवले. पत्नी म्हणाली, “लोक दवाखाना समजतील.” गाडीवरची पाटी अद्याप कोरी आहे.

(या ठिकाणी अंमलदारांनी मला मुद्द्याचे बोलण्यास, जबाब द्या अग्रलेख नको, असे सांगितले. मुद्द्याचे सांगतो.)

गाडीला रुग्णालयाच्या फाटकाबाहेरची जागा मंजूर झाली आहे. अट अशी की, उद्या सोमवारी सकाळी सहाला गाडी उघडून धंदा सुरू झाला पाहिजे, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाते. पत्नी या जागेसाठी चार महिने पालिकेच्या कचेरीत जात होती. तेथील शिपाई तिला आता ताई म्हणतो.

काल शनिवारी दुपारी तीन वाजता पत्नी सिलिंडरची नळी बदलून आणण्यास गेली. मी गाडीत एकटा होतो. गाडीत मोठा चौकोनी लोखंडी तवा बसवलेला आहे. त्यावर काळा, चकचकीत, जाड थर होता. तो बावीस वर्षांचा मळ आहे असे मी समजलो. उद्घाटनापूर्वी पत्नीला आनंद व्हावा या हेतूने मी तारेची घासणी, सोडा, साबण व शेवटी पॉलिश पेपर घेऊन तो थर काढला. दोन्ही हातांना तारा लागल्या. साडेपाचला तवा पांढरा झाला. त्यात मला माझा चेहरा दिसत होता.

पत्नी ५.४० वाजता आली. तिने नळी खाली ठेवली व तव्याकडे पाहिले. नंतर ती गाडीच्या पायरीवर बसली.

तिने विचारले, “किती वेळ लागला?”

मी सांगितले, “अडीच तास. मध्ये चहासुद्धा घेतला नाही.”

ती म्हणाली, “घ्यायला हवा होतात.”

तेव्हा मला कळले की, तो थर मळ नसून तेलाचा होता. रोज तापवून, पुसून, तेलाचा बारीक हात देऊन असा तवा मुरवतात, त्याला साबण लावत नाहीत, आणि त्यामुळे त्यावर काही चिकटत नाही. पत्नीने खात्री करण्यासाठी एक अंडे फोडले. ते चिकटले. तिने आणखी सहा फोडली. सहाही चिकटली. आठवे तिने हातात धरले व परत ठेवले. रुग्णालयाबाहेर सकाळी सहाला लोक आमलेट आणि टोस्ट मागतात. दुसरे आमच्या यादीत सूप आहे, परंतु सकाळी सहाला सूप कोणी पीत नाही.

मी क्षमा मागितली. पत्नी म्हणाली, “तुम्ही एकदा तरी विचारायचं हो.” पुढे संध्याकाळी आमचे बोलणे झाले नाही. मी बाहेरच्या खोलीत झोपलो. कारण विचारले असता सांगतो, उकाडा.

आज सकाळी ६.२० वाजता मी उठलो. गाडी नेहमीच्या जागी, म्हणजे टाकीलगत, नव्हती. पत्नीही घरात नव्हती. तिचा फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर होता. मी टाकीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो, परत आलो, जिन्यावर बसलो, उठलो, पुन्हा फेरी मारली. ७.१५ वाजता या ठाण्यात येऊन गाडी चोरीस गेल्याची तक्रार दिली.

तेव्हा अंमलदारांनी पत्नी कोठे आहे असे विचारले. मी बहिणीकडे असे सांगितले. ही माहिती मी पडताळलेली नव्हती. मेहुणीस फोन का केला नाही असे आता विचारले असता सांगतो की, पत्नी तिच्याकडे असती तर ते मला कळले असते. गाडीची तक्रार देता येते, तिला क्रमांक असतो, म्हणून मी गाडीची दिली.

९.३० वाजता हवालदारांनी सांगितले की, लाकडाच्या वखारीमागे एका गाडीतून फार धूर येत असल्याचा शेजाऱ्यांचा फोन आला आहे व वर्णन जुळते. मी त्यांच्यासोबत गेलो. ती कप्तानांच्या घरामागची मोकळी जागा आहे. गाडी तेथे उभी होती. झडप उघडी होती, चारही शेगड्या पेटलेल्या होत्या. पत्नी फडक्याने तव्यावर तेल पुसत होती. कप्तान स्टुलावर बसून तिला “पातळ! अजून पातळ! पुसून टाकलं असं वाटलं पाहिजे” असे सांगत होते. पत्नी पहाटे पाचला स्वतः गाडी चालवत तेथे आली होती. तोपर्यंत त्यांचे नऊ हात देऊन झाले होते. एक हात म्हणजे तेल पुसणे, धूर संपेपर्यंत तापवणे आणि थंड करणे.

कप्तान मला पाहून म्हणाले, “या पंडित! तव्याला अंघोळ घातलीत म्हणे, साबण लावून. मला घातली असतीत, गुडघ्यांमुळे दोन दिवस राहिली आहे.”

हवालदार हसले. मीही हसलो, पण उशिरा.

हवालदारांनी पत्नीस विचारले, “बाई, गाडी न सांगता का आणलीत? साहेबांनी चोरीची तक्रार दिली आहे.”

पत्नी म्हणाली, “सांगितलं असतं तर हे मदतीला आले असते.”

नंतर तिने पुढच्या कप्प्यातून गाडीचे कागद काढून दाखवले. गाडी, परवाना व जागा तिन्ही पत्नीच्या नावावर आहेत. म्हणजे मालकानेच स्वतःची गाडी नेली व ज्याचे काही गेले नाही त्याने तक्रार दिली, असे हवालदारांनी मला समजावले. ते मला मान्य आहे.

हवालदार गाडीचा क्रमांक तपासत असताना कप्तान पत्नीस म्हणाले, “पहिले पंधरा दिवस खिडकीशी मी बसतो, पोरी. स्टूल घेऊन. पंडितांना घरी राहू दे, ग्रंथ वाचू दे.” पत्नीने फडक्याला तेल लावले. तिने दहावा हात दिला.

मी गाडीच्या मागच्या दारापाशी गेलो व तिला विचारले, “उद्या मी येऊ का?”

असा प्रश्न मी तिला या धंद्याबाबत प्रथमच विचारला, हे विचारून झाल्यावर माझ्या लक्षात आले.

ती म्हणाली, “हात बघू.”

मी दाखवले. तिने उलटसुलट करून पाहिले. “कांदा चिरताना झोंबेल,” एवढेच म्हणाली व फडके उचलले. हा होकार की नकार याचा मी वखारीपासून ठाण्यापर्यंत विचार केला. यावर भाष्य उपलब्ध नाही.

अकरावा हात दिल्यावर तिने एक अंडे फोडले. ते कडेला थोडे धरले, मध्ये सुटले. कप्तान म्हणाले, “उद्यापर्यंत भागेल. बाकीचं गिऱ्हाईक मुरवेल.”

ओळख पटवण्यासाठी गाडी ठाण्यासमोर आणली आहे. चालवत पत्नी आली, शेजारी कप्तान बसले. मी हवालदारांच्या मोटारसायकलवर आलो. गाडी मी ओळखली. ती तीच आहे. तवा सध्या तपकिरी आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. सकाळी दिलेली तक्रार गैरसमजातून दिली होती, ती मी मागे घेतो. कप्तान यांच्याविरुद्ध काही म्हणायचे आहे का असे विचारले असता, नाही.

जबाब लिहिणे चालू असताना मी तीन वेळा खिडकीशी गेलो, हे खरे आहे. गाडीचे इंजिन चालू आहे. बॅटरी जुनी असल्याने बंद केल्यास पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही, म्हणून पत्नी ते बंद करत नाही. तिला आता निघायला हरकत नाही, तिची सही कोठेही लागत नाही, असे अंमलदारांनी तिला पंधरा मिनिटांपूर्वीच कळवले आहे. आता हवालदारांनी आत येऊन सांगितले की, कप्तान गाडीतून उतरले व काठी टेकत पायी घरी गेले. गाडीत पुढे दोनच माणसांना बसता येते. बाई अजून थांबलेल्या आहेत.

यापेक्षा मला अधिक काही सांगायचे नाही. वरील मजकूर अंमलदारांनी मला वाचून दाखवला, तो मी उभ्यानेच ऐकला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलेला आहे व बरोबर आहे. सही जिथे करायची ती जागा कृपया लवकर दाखवावी.