आधी आपला पाइप बंद करा

शिकलेल्या म्हाताऱ्यांची अक्कल ऐकायचीय? ऐका. आमच्या अपार्टमेंटमागचा चेरुवू, म्हणजे तलाव, शेवाळाने हिरवागार झाला होता, मासे मरून काठाला लागत होते. सोसायटीचे अध्यक्ष कंधारकर काका केमिस्ट्रीचे रिटायर्ड प्रोफेसर. त्यांनी खास मातीची पोती मागवली. ही माती पाण्यातला फॉस्फरस धरून तळाशी बसते, मग शेवाळ उपाशी मरतं. आणि कॉलेज सोडून रिकामा बसलेला मीच, म्हणून ती पसरायचं काम माझ्यावर.

म्हटलं, "काका, आधी चेरुवूत सोडलेला आपला पाइप बंद करा. घरोघरी वॉशिंग मशीन आलीत. त्या पावडरीचा फॉस्फरस रोज आत जातोय, माती किती टाकणार?"

"सेकंड इयरला पळालेल्याने मला केमिस्ट्री शिकवू नये!"

"हौ, नाही शिकवत," म्हणालो आणि सगळी पोती त्या पाइपच्या तोंडात कोंबली.

तासाभरात फेसाळ पाणी उलटं फिरून तळमजल्यावर, काकांच्या हॉलमध्ये. लुंगी वर धरून ओरडतच आले, "काढ ती पोती! घरात घाण शिरलीय!"

"नक्को, काका. मासे ओरडत नाहीत, म्हणूनच त्यांच्या घरात सोडत होता ना?"