सार्वजनिक 'अहो'

…आणि वर मलाच म्हणतात, "खिडकीची जागा मिळाली ना तुला, मग आणखी काय हवं?" ऐकलंत? खिडकीची जागा! शेवटच्या रांगेतली, जिची काच धड उघडत नाही आणि धड बंदही होत नाही, पायाशी चाळीस माणसांच्या पिशव्या, आणि शेजारच्या सीटवर गुंडाळून ठेवलेली ताडपत्री. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीला माझ्या शेजारी कोण, तर ताडपत्री! आणि नवरा? होता ना नवरा. त्याच बसमध्ये होता. पहिल्या रांगेपाशी उभा, हातात माइक, तोंड माझ्याकडे… म्हणजे माझ्याकडे नाही हो, सगळ्यांकडेच. गाइड आहेत ते. पण मी काही बोलले का? नाही बोलले.

बोलायचा माझा स्वभावच नाही. आता तुम्ही "कशी झाली सहल?" म्हणून विचारलंत, तेव्हा सांगते. ज्या सहल कंपनीत हे गाइड, तिच्याच ऑफिसात मी कार्यक्रमपत्रिका लिहिते. दिवस पहिला, फेसाळता धबधबा. दिवस दुसरा, नयनरम्य तळं. मग जुना मठ, मग बर्फाची खिंड, मग डोंगरमाथ्यावरचं देऊळ. एका पानात मी चौदा वेळा 'नयनरम्य' लिहिते, आणि माझ्या नयनांसमोर काय असतं, तर ओल आलेली भिंत आणि फायलींचं कपाट. लोक फोन करून विचारतात, "मॅडम, तिकडे थंडी कशी आहे?" मी पंख्याखाली बसून, कपाळावरचा घाम पुसत सांगते, "फार छान आहे हो थंडी, या तुम्ही." लग्नाला चार महिने झाले आणि तेवढ्यात माझा नवरा शंभर-सव्वाशे मधुचंद्रांना जाऊन आला. त्यातला एकही आमचा नाही! घरी येतात ते कपडे धुवायला. दोरीवरचे मोजे वाळले की निघाले.

तर मोसमातली शेवटची फेरी, खास नवविवाहितांची, एकोणीस जोडपी, एक वयस्कर जोडपं, आणि एक जागा रिकामी. आमचे साहेब म्हणाले, "जा, जा, तुम्हीच जा. फक्त एक अट. प्रवाशांना कळता कामा नये. गाइड बायकोला घेऊन फिरतोय म्हटलं, की लोकांना उगाच वाटतं आपल्याकडे लक्ष नाही. आणि या फेरीत एकही तक्रार आली नाही, तर त्याला कायम करायचं ठरलंय माझं." आता एवढं म्हटल्यावर काय बोलणार? यांना केवढा आनंद! "सहाच दिवस तर आहेत. मी तुला मॅडम म्हणेन, आणि तू मला… तू मला काय म्हणतेस?"

"अहो."

"मग प्रश्नच मिटला! सगळेच मला अहो म्हणतात."

तुम्हाला सांगते, तिथेच काळजात काहीतरी टोचलं. कारण हे 'अहो' मी सहजासहजी मिळवलेलं नाही. लग्न झाल्यावर तीन आठवडे मला हाकच मारता येईना. काही हवं असलं की मी खोकायची. भांडं आपटायची. एकदा तर शेजारी उभी राहून नुसतं "ते… इकडे…" म्हणाले, तर यांना वाटलं घरात झुरळ निघालं. आणि मग एका सकाळी, चहा उतू जात होता, तोंडातून आपोआप निघून गेलं, "अहो!" हे वळले. हसले. कान लाल झाले होते यांचे. तेव्हापासून ते 'अहो' माझं. जपून वापरते मी ते. उगाच कुठेही नाही काढत.

आणि बसमध्ये काय? चढल्या क्षणापासून, "अहो, पाणी कधी मिळेल?" "अहो, माझी पिशवी वर ठेवता?" "अहो, खिडकीतून वारा येतोय!" "अहो, मला ना घाटात मळमळतं, मी पुढे बसू?" चाळीस तोंडं आणि एकच 'अहो'! म्हणजे मी घरात तीन आठवडे खोकून जे कमावलं, ते इथे बसबरोबर फुकट! मी काही बोलले का? नाही बोलले. ताडपत्रीकडे बघत बसले.

पहिल्या दिवशी धबधबा. दगड शेवाळलेले, मधे पाणी, एका कडेला लोखंडी कठडा. एकेक नववधू काठावर उभी राहून काय लाडात येते! "अहोऽऽ, मला भीती वाटते, हात द्या ना!" त्यांचे नवरे कुठे? पलीकडे जाऊन फोटो काढतायत. मग हात कोणी द्यायचा? आमच्या यांनी! मी मोजले हो. एकोणीस हात. एक जण तर पलीकडे जाऊन पुन्हा परत आली, रुमाल राहिला म्हणून, म्हणजे तिचे तीन धरले तर एकवीस. आणि माझी पाळी आली तेव्हा? हात खिशात घातले आणि म्हणाले, "मॅडम, कठड्याला धरा." कठड्याला! मी धरला. गार होता.

बरं, बायकांचं एक सोडा. दुसऱ्या दिवशी तळ्यावर गेलो. पलीकडे ते मोठं शिखर, पांढरंशुभ्र, अर्धं ढगात. आणि यांनी माइक घेतला. काय तो आवाज! घरी कधी ऐकला नाही मी असला आवाज. "मंडळी, आता आपण समोर बघतोय… घाई करू नका… ती फार लाजरी आहे… सकाळी दोन मिनिटं चेहरा दाखवते आणि पुन्हा पदर ओढून घेते… पण तेवढ्यासाठी मी दर फेरीला इथे येतो." ती? ती कोण? शिखर ना ते? शिखर म्हणजे ते! मी स्वतः पत्रिकेत 'ते शिखर' लिहिलंय! मागच्या महिन्यात मी नवीन हिरवी साडी नेसले होते, तर म्हणाले, "अरे वा, हा पडदा आपल्याकडे कधी आला?" आणि इथे दगडाला पदर! एकोणीस बायका "अय्या, किती छान बोलतात ना हे" म्हणून उसासे सोडतायत, आणि मी त्या शिखराकडे असं बघितलं, असं बघितलं, की ते खरंच ढगात गेलं.

तिसऱ्या दिवशी मठ. आत गेलं की एवढी शांतता, की स्वतःच्या गुडघ्याचा आवाज ऐकू येतो. तिथे मला गाठलं मुख्याध्यापिकाबाईंनी. ते वयस्कर जोडपं सांगितलं ना, त्यातल्या त्या. निवृत्त मुख्याध्यापिका. यजमान बसमध्ये झोपलेले, बाई जाग्या. त्यांचं कुजबुजणंसुद्धा शेवटच्या बाकावर ऐकू जाईल असं.

"एकटीच आलीस, बाळ? नवविवाहितांच्या सहलीला?"

"हो."

"नवरा आहे ना?"

"आहे."

"मग कुठाय?"

"कामावर."

यातला एक शब्द खोटा असेल तर सांगा! बाईंनी मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि दोन मिनिटांत अख्ख्या मठाला कळलं की शेवटच्या सीटवरच्या पोरीचा नवरा तिला विचारत नाही. पुढे ऐका. बाईंची नजर यांच्यावर. "किती सज्जन मुलगा आहे हा गाइड! माझी एक भाची आहे… अहो, इकडे या जरा! लग्न झालंय का हो तुमचं?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. वर पाहिलं. आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "मंडळी, इथे शांतता पाळायची असते."

चार शतकं त्या मठात लोक मौन पाळतायत म्हणे, पण एवढं सोयीचं मौन तिथेही कोणी पाळलं नसेल! मी काही बोलले का? कशी बोलणार? पाटीच होती ना समोर.

पाचव्या दिवशी देऊळ. सहाशे बारा पायऱ्या. हा आकडा मी पत्रिकेत इतक्यांदा टाइप केलाय, पण पोटऱ्यांना तो त्या दिवशी पहिल्यांदा कळला. वर गेल्यावर दर्शन घेतलं, डोळे मिटले, आणि खरं सांगते, काहीच मोठं मागितलं नाही. एवढंच म्हटलं, देवा, या माणसाने मला एकदा, चारचौघांत, आपलं म्हणावं. बस. डोळे उघडते तर हे बाहेर फोटो काढतायत. "जवळ या… अजून जवळ… अहो, बायको आहे ना तुमची, लाजताय काय? खांद्यावर हात ठेवा!" वीस जोडप्यांच्या खांद्यांवर हात ठेवून झाले यांचे. मग मी. मी एकटी. "मॅडम, हसा."

हसले. तो फोटो मी कोणाला दाखवणार नाहीये.

तर उतरताना पायऱ्यांवर दव गोठलेलं. पाय सटकला माझा. एक पायरी, दुसरी, तिसरी… आणि वरून आवाज आला, "अगंऽऽ! सांभाळ! तरी मी घरीच सांगत होतो, ते बूट घालू नकोस म्हणून!" धावत आले, दंड धरला, खाली बसून माझ्या बुटाची नाडी बांधायला लागले.



"अगं?" मुख्याध्यापिकाबाई. "तुम्ही प्रवाशाला 'अगं' म्हणालात? आणि 'घरीच'? कुणाच्या घरी? एकटी बाई बघितली आणि… मी लेखी तक्रार करणार आहे! आजच! बाळ, तू घाबरू नकोस, मी आहे."

तक्रार! जो एक शब्द येऊ नये म्हणून मी पाच दिवस कठडे धरले, तोच शब्द! यांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं, आता म्हणतील "सॉरी मॅडम" आणि संपलं. आणि तसं म्हणाले असते ना, तर मी… काही बोलले नसतेच. पण खाली उतरल्यावर त्या ताडपत्रीच्या शेजारी पुन्हा बसले नसते. चालत आले असते घरी.

हे उभे राहिले. घसा साफ केला. आणि तुम्हाला सांगते, सवय ही अशी, दुसऱ्या आवाजात बोलताच येत नाही या माणसाला. तोच आवाज! तळ्याकाठचा! "मंडळी… ही माझी बायको आहे." आणि उजवा हातसुद्धा केला माझ्याकडे, लांबवर, तळवा वर, शिखर दाखवतात तसा. चाळीस माना वळल्या. दुसऱ्या बसमधल्या अनोळखी लोकांनीसुद्धा वळून पाहिलं. एकाने फोटो काढला. मी नाडी सुटलेल्या बुटात, केस विस्कटलेले, नाक लाल, आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षणीय स्थळ!

बाई मात्र मुख्याध्यापिका. "हे सगळे असंच म्हणतात. बाळ, तू सांग. खरं आहे का हे?"

कधीची जपून ठेवलेली हाक तेवढी बाहेर पडली. "अहो… चला ना आता."

बाईंनी चष्मा काढला. पुसला. "हं. खरं आहे," म्हणाल्या. "हे 'अहो' वेगळं आहे."

टाळ्या काय, शिट्ट्या काय! तक्रार राहिली बाजूला, बाईंनी अभिप्रायाच्या कागदावर दोन्ही बाजूंनी कौतुक लिहिलं. माझी पिशवी कोणीतरी उचलून पुढे नेली, मला पहिल्या रांगेत यांच्या शेजारी बसवलं, आणि मी म्हटलं, चला, आजचा अर्धा आणि उद्याचा एक दिवस तरी माझा. खिडकीबाहेर तो सगळा डोंगर केशरी झालेला. मी जरा यांच्याकडे सरकले…

"वहिनी, त्यांना सांगा ना बस थांबवायला."

"वहिनी, माझा मोबाइल देवळात राहिला वाटतं."

"वहिनी, हॉटेलात गरम पाणी येतं का हो?"

"वहिनी, हे रुसलेत माझ्यावर, काय करू?"

एकोणीसच्या एकोणीस जणींनी यांचं 'अहो' मला परत केलं, अगदी प्रामाणिकपणे, पण त्याबरोबर बाकीचं सगळंही माझ्या पदरात टाकलं! केशरी डोंगर मागे गेला. मी पाण्याच्या बाटल्या वाटत होते. तेवढ्यात यांनी माइक उचलला, खूप प्रेमाने माझ्याकडे पाहिलं, आणि तोच तो आवाज, "तर मंडळी, यापुढे काही अडचण आली, तर मला सांगा… नाहीतर सरळ आपल्या वहिनींना सांगा."

बायको म्हणून जाहीर होऊन तीन तास झाले नव्हते हो, आणि सख्खा नवरा मला वहिनी म्हणाला!

मी काही बोलले का?… उठले, आणि माणसं मोजायला लागले.