लांबमान्या आणि नोंद क्रमांक सतरा

...आणि वर मलाच विचारतात, "सर, त्या वेळी डोळ्यांवर चष्मा होता का?" मला! ज्या माणसाने एक्केचाळीस वर्षं हाच प्रश्न गावातल्या प्रत्येकाला विचारला, त्याला! तुम्हाला सांगतो, स्वतःचाच प्रश्न समोरून येतो ना, तेव्हा तो फार उद्धट वाटतो. आणि तक्रार करायचीही सोय नाही, कारण नियम दुसरा : साक्षीदाराला सर्वांत आधी चष्म्याचं विचारावं. आणि हा नियम कोणी केला? मीच केला.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर मध्येच मला शंका येईल की हे सांगून झालं की राहिलं.

आमच्या गावाला एक तळं आहे. एवढं मोठं, की पलीकडच्या काठावर उभा असलेला माणूस दाढीवाला की बिनदाढीचा ते कळत नाही. या तळ्यात लांबमान्या राहतो. राहतो म्हणजे... लोक म्हणतात. जुनी माणसं सांगायची, कोणा सरदाराचा घोडा पाणी प्यायला वाकला तो खोगिरासकट गेला, सरदाराच्या हातात नुसता लगाम उरला. आमच्या होडीवाल्याने लांबमान्याला तीनदा पाहिलाय. पहिल्यांदा तो बारा हात होता, दुसऱ्यांदा वीस, आणि तिसऱ्यांदा होडीवाला दोन्ही हात पसरून नुसताच उभा राहिला, म्हणाला, यापुढे हात पुरत नाहीत. टपालवाल्याला पाण्यावर दोन कुबडं दिसली. न्हाव्याला तीन. न्हाव्याला सगळंच टपालवाल्यापेक्षा एकाने जास्त दिसतं.

तर अशा सगळ्या दर्शनांची एक नोंदवही आहे. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, कुलपात. आणि ती तपासायला सात जणांची समिती. मी नोकरीला लागलो तेव्हा गावात प्राणिशास्त्र शिकलेला एकटा मीच, बेडकाच्या कानाच्या पडद्यावर साडेतीनशे पानांचा प्रबंध लिहिलेला, म्हणून समितीने मला घेतलं आणि शंकासदस्य असं पद दिलं. शंकासदस्याने शंका घ्यायच्या. अहो, मी मूळचाच असा, की दाराला कडी लावून जिना उतरतो, परत वर येऊन कडी बघतो, पुन्हा खाली जाऊन विचार करतो की मघाशी बघताना मी ती काढली तर नाही ना... मला पगार न देता हे काम सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगण्यासारखंच! नियमावली मी एका आठवड्यात लिहून काढली. आठ नियम, पुढे वाढून अकरा झाले. मग लाल शाईचा पेन घेऊन बसलो. अमान्य, बदक. अमान्य, लाट. अमान्य, सायकलचं टायर. दोनशे अकरा नोंदी, तुम्हाला सांगतो, एकही मान्य नाही.

त्यातली सतरावी नोंद आमच्या हिची.

लग्नाला सहा महिने झाले होते. ही कपडे धुवायला तळ्यावर गेली, परत आली ती धावत, ओल्या पदरानेच वाचनालयात शिरली आणि नोंद केली. चित्रसुद्धा काढलं. अशी वर आलेली मान, डावीकडे वळलेलं डोकं, मागे एक लहानसं कुबड. सोबत तिची मैत्रीण होती, तिचीही सही. आणि मी नवा शंकासदस्य, सहा जण माझ्या तोंडाकडे बघताहेत, बायकोला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणायला नको... मी लिहिलं, अमान्य. ओंडका.

 ती भांडली असती तर बरं झालं असतं! त्या दिवसापासून घरात मला काहीही दिसलं की ती एवढंच म्हणते. "अगं, दारात कोणी आलंय का?" "ओंडका असेल." "अगं, भिंतीवर पाल आहे." "ओंडका असेल." आमची मुलगी झाली, दवाखान्यात मी तिला पहिल्यांदा हातात घेतली, डोळे भरून आले, आणि ही खाटेवरून काय म्हणते? "नीट बघा. ओंडका नाही ना?" परिचारिका हसता हसता बाहेर गेली. तीच परिचारिका, सिस्टर, आज समितीची अध्यक्ष आहे.

मी मात्र नंतरच्या बैठकीत नववा नियम घातला : ज्याची नोंद एकदा अमान्य झाली, तो पुढे कधीही साक्षीदार म्हणून चालणार नाही. का घातला? खरं सांगू? ही पुन्हा काही बघून आली तर पुन्हा लाल शाई नको, म्हणून. भीतीपोटी नियम केला हो मी.

आता ऐका. गेला मंगळवार. सकाळचे साडेआठ. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेले, चष्मा गेलेला, सगळं जग असं धुऊन पुसून ठेवल्यासारखं. आम्ही दोघं तळ्याकाठच्या बाकावर. ही मटार सोलतेय, मी पाण्याकडे बघतोय... आणि पाण्यातून मान वर आली.

मान! लोडाएवढी जाड. वर आली, डावीकडे वळली, माझ्याकडे बघितलं, आणि सावकाश खाली गेली. मागे एक लहानसं कुबड. मग नुसत्या लाटांच्या कड्या.

मी आधी बोटं मोजली. दहा. मग बेडकाच्या मेंदूपासून निघणाऱ्या नसा क्रमाने आठवल्या. दहा. म्हणजे डोकं ठिकाणावर. मग हळूच हिला विचारलं, "अगं, तुला काही दिसलं का?"

हिने शेंग सोलली. दाणे भांड्यात टाकले. "तुम्हीच सांगा," म्हणाली, "काय असेल."

बास! तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला कळलं की ही नोंद मान्य झाली नाही तर मी जगूच शकणार नाही. कारण माझा माझ्यावर विश्वास नाही! वहीत मान्य असं लिहिलं असेल तरच मी मान्य करणार की मला दिसलं.

गुरुवारी समिती बसली. माझ्या जागी शंकासदस्य म्हणून दातांचा डॉक्टर बसवला, माझाच विद्यार्थी, बेडूक मीच शिकवलेला. त्याने चष्म्याचं विचारलं. अंतर किती पावलं ते विचारलं. आदल्या रात्री काय प्यायलात ते विचारलं! मी म्हटलं, दूध. त्याने ते लिहून घेतलं, वर प्रश्नचिन्ह काढलं. मग म्हणाला, "सर, नियम चौथा. दुसरा साक्षीदार?"

मी म्हटलं, आमची ही होती की शेजारी. नात्यातला साक्षीदार चालतो. आमच्या गावात सगळेच एकमेकांच्या नात्यात, तो नियम केला असता तर समितीच भरली नसती. पण डॉक्टरने पान उलटलं. घसा साफ केला. "नियम नववा. बाई अपात्र आहेत." आणि हा नियम कोणी केला? बरोबर.

सिस्टर म्हणाल्या, "दहावा वाचा."

दहावा! ज्या शंकासदस्याने नोंद अमान्य केली, त्यानेच स्वतःच्या अक्षरात चूक कबूल केली, तर ती नोंद मान्य धरावी. हा नियम मी घातला तेव्हा सगळे हसले होते, म्हणाले, सर, तुम्ही कशाला चुकाल? मी म्हटलं होतं, मी चुकत असणारच, फक्त कुठे ते मला माहीत नाही.

घरी आलो. हिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हात पुसले, आणि म्हणाली, "त्याच लाल शाईत लिहाल?"

लिहिलं! तुम्हाला सांगतो, शुक्रवारी समिती पुन्हा बसली तेव्हा, सगळ्यांसमोर, कुलूप उघडून, सतरावी नोंद काढून. पान पिवळं पडलेलं, चित्र मात्र कालच काढल्यासारखं. खाली माझं तरुणपणीचं टोकदार अक्षर, आणि त्याखाली आता हे थरथरतं : मी चुकलो. ओंडका नव्हता. ही शेजारी उभी राहून वाचत होती. एकदा वाचलं. मग चष्मा लावून परत वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही, पण माझ्या शर्टाची कॉलर मागून दुमडलेली होती ती तिने सरळ केली. एक्केचाळीस वर्षांत असं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

सतरावी मान्य झाली, म्हणजे ही आता पात्र. मग नियम सहावा. दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवून चित्र काढायला लावायचं. मी वर्तमानपत्रांच्या खोलीत, ही पाठ्यपुस्तकांच्या. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, आणि वर सतरावं पान. मान तशीच. डोकं डावीकडे. मागे लहानसं कुबड. तिन्ही चित्रं एकमेकांवर ठेवून उजेडात धरली तर एकच रेघ दिसावी! डॉक्टरने तोंड उघडलं ते मिटेचना. मी त्याचे दात मोजले. सात हात वर गेले. नोंद क्रमांक दोनशे बारा, मान्य. लांबमान्या खरा!

काय सांगू तुम्हाला! दुसऱ्या दिवशी मी रस्त्याने निघालो तर औषधवाला दुकानातून उठून उभा राहिला. टपालवाल्याने सायकलवरून उतरून हात मिळवला. न्हाव्याने खुर्ची झटकून बसवलं आणि कानात सांगितलं की त्याला खरं तर चार कुबडं दिसली होती. होडीवाला नुसताच हात पसरून उभा होता, डोळ्यांत पाणी. मी कडी न तपासता घराबाहेर पडलो होतो, तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा!

संध्याकाळी घरी आलो, ही पुन्हा मटार घेऊन बसलेली. मी म्हटलं, बघ, शेवटी आपण दोघांनी मिळून सिद्ध केलं.

म्हणाली, "हो. माझा खरा होता, हे सिद्ध झालं."

"आणि माझा?"

शेंग सोलली. दाणे भांड्यात टाकले. "अहो, मंगळवारचा तो ओंडका होता."

मी खाली बसलो. म्हटलं, मग चित्र? तर म्हणे, मी माझंच काढलं, एक्केचाळीस वर्षांपूर्वीचं. म्हटलं, आणि माझं कसं जुळलं? तर म्हणे, तुम्हीही माझंच काढलंत, इतकी वर्षं मनात घोळवत होतात ना. म्हटलं, अगं, पण मान वळली, मी डोळ्यांनी बघितलं. तर म्हणे, पाण्यात ओंडकाही वळतो, हे तुम्हीच तर गावाला सांगत आलात.

उठलो. लाल पेन घेतला. चपला घातल्या, निघालो वाचनालयात, म्हटलं खोटी नोंद राहता कामा नये, मी शिकलेला माणूस आहे... आणि दारात पाय अडकला. नियम अकरावा : एकदा मान्य झालेली नोंद कोणत्याही कारणाने पुन्हा उघडू नये. तेव्हा वाटलं होतं, मान्य तर काही होणारच नाही, कागदाची जागा भरायला एक नियम असू दे.

आणि हा नियम कोणी केला? आता मी नाही सांगत. आत मटार सोलतेय, तिला विचारा.