उद्वाहन म्हणजे काय?

मंडळी, ऐका! आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा आहे — सगळ्या लेकरांना एकच पेपर, एकच घड्याळ, एकच नियम... याला न्याय म्हणायचं का? लगेच माना डोलावू नका! आधी गांगुर्डे बाईंचं ऐका.

सातपुड्यात, नर्मदेच्या काठी एक पाडा. धरणाच्या पाण्यात रस्ता बुडाला, तेव्हापासून येणं-जाणं नावेनं. शाळा चौथीपर्यंत, शिकवायला कुसुम गांगुर्डे बाई. बाईंचा परीक्षेवर भारी विश्वास! का? वडील गावाची गटारं काढायचे. लोक पाणीसुद्धा वरून ओतायचे. पण पेपरावर नाव नसतं हो, नंबर असतो! तपासणाऱ्याला कळलंच नाही, ही कुणाची पोर! अशा बाई मास्तरीण झाल्या. सांगा, चुकलं का काही त्यांचं?

वर्गात रायकी नावाची पोर. बाप नाव चालवायचा, ही वल्हं धरायची. हुशार! तेवढ्यात निवासी शाळेची निवड परीक्षा आली. निवड झाली तर राहणं, जेवण, शिक्षण फुकट. नाही झाली तर चौथीनंतर वल्हंच. बाईंनी वर्षभर तिला जवळ बसवून तयारी करून घेतली.

परीक्षा त्याच शाळेत. लक्ष ठेवायला बाईच, दाराशी तालुक्याचे साहेब. रायकी भराभरा लिहितेय — आणि थांबली! प्रश्न असा — 'एका उद्वाहनात सहा माणसे मावतात. पंचवीस माणसांना वर नेण्यास किती फेऱ्या लागतील?'

उद्वाहन! हसता काय? तुम्हाला तरी ठाऊक होतं? अहो, लिफ्ट! शहरातला माणूसही लिफ्टच म्हणतो!

"बाई, उद्वाहन म्हणजे काय?"

बाईंच्या अगदी ओठावर आलं — अगं, तुझ्या नावेसारखंच! पण नियम होता, अर्थ सांगायचा नाही. साहेबांनी नुसतं वर पाहिलं. बाई म्हणाल्या, "आपलं आपण वाच, रायकी."

पोर त्या शब्दापाशीच अडकून बसली. पुढचे प्रश्न कोरे! घंटा झाली.

निकाल लागला. रायकीची निवड नाही.

बाई तालुक्याला धावल्या. "साहेब, पोरीला गणित येत होतं. शब्द येत नव्हता."

साहेब वाईट नव्हते, मंडळी. बाईंना बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "हिला सांगितलं असतं, तर बाकीच्या पाड्यांवरच्या पोरांनी काय करायचं? आणि पेपर सोडून तोंडं बघून निवड करायची, तर कुणाची तोंडं निवडली जातील — हे तुम्हाला मी सांगायला नको."

 जन्मभर बाईही हेच तर म्हणत आल्या होत्या!

परतताना नावेवर रायकीच. बाईंनी न राहवून अर्थ सांगितला. वल्हं थांबलं.

"मंग पाच फेऱ्या."

मग हळूच — "तुला येत होतं, बाई. तू का नाय सांगितलं?"

त्यांच्या बोलीत सगळ्यांनाच 'तू' — तुम्ही विठ्ठलाला म्हणता तसं! काठ लागताच बाई उतरून शाळेकडे चालू लागल्या.

चौथीचं वर्ष संपायला अवकाश होता, तरी रायकी शाळेत परत आली नाही. बाई अजून त्याच नावेनं जातात-येतात. दोघी बोलत नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग परीक्षा बंद करायच्या का, बुवा? नाही हो! बाईंना वर काढलं ते परीक्षेनंच. पण पेपर काढणारा कधी त्या नावेत बसला होता का? आणि तुम्ही, आयाबापांनो! निकालाच्या दिवशी पोर दारात उभं राहतं, तुम्ही विचारता — "किती पडले?" कुठं अडलास बाळा, हे विचारलंत कधी?

 गजर करू, जरूर करू. पण टाळ उचलण्याआधी मान वळवा — आणि शेजारी बसलेल्या आपल्या लेकराच्या तोंडाकडे एकदा नीट बघा.