मायच्या घागरीपुढं विचारलं

मी मूळची दोंडाईचाची, पण वाढली चोपड्याला मामाकडे, आणि आता नवऱ्यामागं इथं जळगावात मुलींच्या होस्टेलात राहून पोळ्या लाटते. लहान होती तेव्हाच माय गेली. आबांनी दुसरी केली आणि मला मामाकडे सोडलं. पण काय सांगू तुम्हाला, दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबा स्वतः न्यायला यायचे, लग्न झाल्यावर न्यायला मुराळी म्हणून सावत्र भावाला पाठवायचे, एक साल चुकलं नाही. माझं माहेर म्हणजे तेवढंच.

मग मला घासच उतरेना. दिवसभर दुसऱ्यांच्या पोळ्या लाटायच्या आणि आपण चहात बिस्कीट बुडवून जगायचं. घशात दुर्बीण घातली, काही नाही निघालं, तर मनाच्या डॉक्टरकडे धाडलं. तरणा माणूस, बोलायला गोड, औषध देईना, नुसतं लहानपणचं विचारायचा. मी म्हणायची, आबा चांगले आहेत. तो म्हणे, हे तुम्ही फार वेळा सांगता. म्हणे, वडिलांनी टाकल्याचा राग तुम्ही गिळला, तोच घशात बसलाय. आता शिकलेला माणूस म्हणतो तर असेलच ना. मला तर आठवायलाही तसंच लागलं, मी मामाच्या ओट्यावर, आणि आबा मागं न पाहता चालले.

त्या अखाजीला माहेरी गेली. मायच्या नावानं घागर भरलेली, आबा पुढं हात जोडून बसलेले, घरचे बठ्ठे जमलेले. पितरांच्या घागरीपुढं कोणी वैऱ्यालाही वाकडं बोलत नाही, आणि मी बोलली, आबा, मला का टाकलं?

आबा घागरीकडेच पाहत म्हणाले, तुन्ही मायनीच सांगेल व्हतं, पोरले सावत्र मायना हातमा दिऊ नको.

सावत्र माय तिथंच रस वाढत होती. इतकी वर्षं आबांनी तिच्यापासून लपवलं ते माझ्यामुळं बाहेर आलं. तिनं भांडं खाली ठेवलं आणि आत गेली.

पुढच्या अखाजीला मुराळी आला नाही. भाऊ फोनवर बोलला, अक्का, यंदा राहू दे, माय अजून आबांशी बोलत नाही. नंतर फोनही नाही.

डॉक्टरला सांगितलं, तुमचं खोटं निघालं. तो म्हणे, खरं-खोटं सोडा, मनातलं बाहेर आलं, घास उतरतो ना?

उतरतो हो. माहेरून परत येताना बसमध्येच घास उतरायला लागला.

देव भलं करो त्याचं. फक्त त्याच्या लेकीला कोणी असं बरं न करो. यंदा अखाजीला पोरी गावी गेलेल्या, होस्टेल रिकामं, तरी मी आपल्यापुरतं पुरण घातलं, पोळ्या केल्या आणि एकटी जेवली. सगळ्या उतरल्या.