पिशवीतली माती

...आणि वर त्या बाई मला म्हणतात, 'कोपऱ्यातलंही काढा हं!' आता बोला! पदवीधर माणूस, गळ्यात टाय, हातात झाडू... आणि घेतलंय कशाला? मॅनेजर म्हणून घेतलंय हो मला!

तुम्हाला सांगतो, जाहिरातीत तसंच होतं. 'मॅनेजर पाहिजेत, अनुभवाची अट नाही!' मी खुर्चीत नीट टेकायच्या आत निवड! तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती की नाही? पण बाबा तोवर अख्ख्या इमारतीला सांगून मोकळे, 'मुलगा मॅनेजर झाला!' दुसऱ्या दिवशी साहेबांनी हातात काय दिलं? व्हॅक्यूम क्लीनर! लालभडक, उचलताना कंबर मोडेल असा! 'जा, दारोदार विक. पगार? अरे, पगार नोकरांना असतो! तू स्वतःचा मालक! विकलंस की कमिशन. सुरुवात घरापासून कर... आई, मावशी, आत्या...' घरापासून? आईला कुठल्या तोंडाने सांगू? घरी म्हटलं, ऑफिसात बसून असतो. ते धूड रोज तिथेच ठेवून येतो.

बरं, लोकांची घरं स्वच्छ असतात हो! म्हणून आम्ही पिशवीत माती घेऊन फिरतो. आधी त्यांच्याच गालिच्यावर ओतायची, मग ओढून दाखवायची. आज ओतली, बटण दाबलं... आणि वीज गेली! बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. झाडलं मग. कोपऱ्यासकट. रडू येत होतं, खोटं कशाला बोलू? मॅनेजर म्हणून घेतलंय हो मला...

घरी आलो, तर खोलीच्या मधोमध काय? लालभडक यंत्र! तेच, आमचंच! म्हटलं, कळलं आईला सगळं. तर आई म्हणते कशी, 'अरे, एक मुलगा आला होता विकायला. तुझ्याच वयाचा, घामाघूम झालेला. दया आली रे, घेतलं हप्त्याने. तुझा पगार येईलच की आता!'

मी टाय सोडायला लागलो.

'आणि ऐक ना, नंबर ठेवलाय त्याचा. एवढा शिकलेला पोरगा, काय ती वणवण बिचाऱ्याची! तू मॅनेजर ना? बघ, तुमच्याकडे कुठे चिकटवता येतो का.'

बघतो, म्हटलं... दुसरं काय म्हणणार? मॅनेजर म्हणून घेतलंय ना मला!